दुसऱ्या मजल्यावरचे गिनतीवाले

आमच्या घरात अजूनही असा समज आहे की त्या वर्षी मी रुसले होते. सुनेनं तो मनाला लावून घेतला, मुलानं हसण्यावारी नेला, आणि नातीला, जी आता तेरा वर्षांची आहे, तो आजीचा एक किस्सा वाटतो. मीही कधी दुरुस्त केला नाही. आज करते. मी रुसले नव्हते. मी विसरले होते. घरातल्या माणसांची यादी लिहायला सांगितली आणि मी तीत स्वतःला लिहायला विसरले.

लहानपणी आपण सगळ्यांनी ती गोष्ट ऐकलेली असते. दहा शहाणे नदी ओलांडतात, पलीकडे जाऊन मोजतात, प्रत्येकाला नऊच भरतात, आणि दहावा बुडाला म्हणून सगळे गळा काढतात. ती गोष्ट मी माझ्या मुलाला सांगितली, नातवंडांना सांगितली, दर वेळी त्यांच्याआधी मीच हसले. त्या दहा जणांनी निदान रडारड तरी केली. मी खाली रेघ मारून ‘एकूण चार’ असं ठळक लिहिलं आणि कागद देऊन आले. अक्षर सुंदर होतं माझं, सगळे म्हणतात.

तेव्हा मी तरुण होते. त्रेसष्ट वर्षांची. हे जाऊन दीड वर्ष झालेलं, नाशिकचा फ्लॅट कुलूप लावून शेजाऱ्यांच्या हवाली केलेला, आणि मी दुबईत अल मनखूलमध्ये मुलाच्या घरी राहायला आलेली. आपण कोणाला जड होत नाही, याचा फार अभिमान बाळगण्याचं ते वय. चहा सगळ्यांना देऊन झाल्यावर उरला तर घ्यायचा, सोफ्याच्या कडेला बसायचं, टीव्हीचा रिमोट मागायचा नाही. मला वाटायचं, काय मी समंजस. आता त्या बाईची आठवण आली की तिला सोफ्याच्या मधोमध बसवावंसं वाटतं.

पण मला सांगायचं आहे ते तिच्याबद्दल नाही. ज्यांच्या हातात मी तो कागद दिला त्या गृहस्थांबद्दल.

आमच्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर एका कंपनीनं आपल्या सुपरवायझर लोकांसाठी फ्लॅट घेतला होता. सहा जण राहायचे. त्यातले हे एक, देवगडकडचे, छप्पन्न-सत्तावन्न वर्षांचे. अंगानं बारीक, मिश्या काळ्या आणि केस पांढरे. सत्तावीस वर्षं दुबईत. काम एकच: मुहैस्नाहच्या कॅम्पमधून सकाळी कामगारांना बसमध्ये बसवायचं, साइटवर उतरवायचं, संध्याकाळी गोळा करून परत आणायचं. एका बसमध्ये अठ्ठेचाळीस माणसं. कॅम्पमध्ये हिंदी चालते, म्हणून मोजणीला सगळे गिनती म्हणायचे, आणि म्हणून हे गिनतीवाले. बिल्डिंगमधल्या निम्म्या लोकांना त्यांचं खरं नाव ठाऊकच नव्हतं.

कुठलीही गोष्ट हलायच्या आधी हा माणूस आकडा म्हणायचा. मोठ्यानं. लिफ्टमध्ये शिरले की बटण दाबायच्या आधी, “तीन.” मग दरवाजा लागायचा. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं तिसऱ्या मजल्यावर जायचंय, म्हणून मी तीनचं बटण दाबलं. ते म्हणाले, “मी दुसऱ्यावर. आपण तिघं आहोत, एवढंच.”

गणपतीत चौथ्या मजल्यावर आरतीला सगळे जमायचे. निरांजन पेटलं की मागून आवाज यायचा, “एकोणतीस.” आरती संपली की पुन्हा, “सत्तावीस. दोघं कुठं गेले?” आणि सगळी मंडळी प्रसादाचं सोडून एकमेकांकडे बघायला लागायची. दोन बायका मोदक उकडायला आत गेलेल्या असायच्या. त्यांना दारात येऊन हात दाखवावा लागे. एकदा एकीनं रागानं झारा दाखवला. “एकोणतीस,” गिनतीवाले म्हणाले, आणि मगच प्रसादासाठी हात पुढे केला.

तर अशा माणसाला छंद कसला असावा? युरोपच्या रेल्वेचा.

कधीतरी त्यांच्या कंपनीतला एक इंजिनियर बायकापोरांना घेऊन युरोपला चालला होता. तो गमतीनं म्हणाला, तुझं टायमिंग चांगलं, जरा ह्या गाड्या बसवून दे. यांनी तीन संध्याकाळी बसून बसवून दिल्या. इंजिनियर परत आला तो सांगतच सुटला, की दोन लहान मुलं असून एकही गाडी चुकली नाही. तेव्हापासून मनखूलमधली मराठी घरं युरोपला निघाली की आधी दुसऱ्या मजल्याची बेल वाजवायची. विमानाचं, हॉटेलचं त्यांना काही विचारायचं नाही. फक्त गाड्या. आणि तेही लहान मुलं असतील तरच. नवरा-बायको दोघंच चालले असतील तर म्हणायचे, “तुम्हाला काय, धावाल.” स्वतः युरोपला कधी गेले नव्हते. त्याचं त्यांना काही वाटतही नसावं. मी एकदा विचारलं तर म्हणाले, “वैनी, मी ज्या साइटवर माणसं सोडली तिथल्या एका बिल्डिंगीत तरी मी कुठं गेलोय?”

वैनी म्हणायचे मला. कोकणातलं वैनी, त्यात वहिनीचा मान असतो आणि घरोबाही.

आमच्या घरी युरोपचं ठरलं तेव्हा मुलगा हमरिया फ्री झोनमध्ये नोकरीला, सकाळी सहाला निघायचा. सून देरा भागातल्या एका ऑफिसात. दोघांनाही फुरसत नव्हती. मुलगा म्हणाला, “आई, तू आणि गिनतीवाले काका बसा आणि ट्रेनचं फायनल करा. मी फक्त अप्रूव्ह करतो.” विमान, व्हिसा, हॉटेलं त्यानं आधीच केली होती, पाच जणांची. गाड्या तेवढ्या राहिल्या होत्या.

मला कोण आनंद झाला. दीड वर्षात कोणी मला काही ठरवायला दिलं नव्हतं.

बिल्डिंगच्या खाली एका मल्याळी माणसाचं किराण्याचं दुकान होतं, तिथे दुकानाला आणि दुकानदारालाही सगळे बकाला म्हणतात. बाहेर सावलीत एक लाकडी बाक. संध्याकाळी बस लावून ते यायचे आणि आमची बैठक व्हायची. पहिल्या दिवशी त्यांनी मुलांची चौकशी केली. मुलगी बघायला आलेले लोकही इतकं विचारत नाहीत.

“नात सहाची. बूट स्वतः घालते?”

“घालते.”

“लेस की चिकटपट्टी?”

“चिकटपट्टी.”

“बरं. नातू तीनचा. शू लागली की आधी सांगतो की नंतर?”

“साधारण त्याच वेळी.”

त्यांनी मान हलवली आणि लिहिलं. त्यांचं एक गणित होतं. गाडी बदलायची असेल तर एकट्या माणसाला दहा मिनिटं पुरतात. प्रत्येक मुलामागे सात मिनिटं वाढवायची, बाबागाडी असेल तर पाच, आई-वडिलांचं आपसात पटत नसेल तर आणखी पाच. दिवसाची शेवटची गाडी कुटुंबाला कधी द्यायची नाही, शेवटच्या आधीची द्यायची. मुलांना खायला गाडी सुटल्यावर द्यायचं, आधी नाही, कारण खाणारं पोर चालत नाही. चार वर्षांखालच्या मुलाला तिकडे बहुतेक गाड्यांत तिकीट लागत नाही, पण मग जागाही मिळत नाही, म्हणून मुलगा नको म्हणत असताना त्यांनी नातवाची जागा घ्यायला लावली. “चार तास मांडीवर? आणून दाखवा असा बाप.”

त्यांनीच मला कागद दिला. “माणसं लिहा. नाव आणि वय. पासपोर्टाप्रमाणे.”

मी लिहिलं. मुलगा. सून. नात. नातू. एकूण चार.

कसं विसरले, हे मी नंतर पुष्कळ वेळा स्वतःला विचारलंय. उत्तर पोळ्यांत आहे. त्या घरी सकाळी पोळ्या मी करायची. मुलाच्या चार, सुनेच्या तीन, मुलांच्या दोन-दोन. अकरा. माझ्या पोळ्या मी कधी धरल्याच नाहीत, उरतंच काहीतरी. नाशिकला आम्ही दोघं होतो तेव्हा यांच्या चार, माझ्या दोन, अशा सहा व्हायच्या. यांच्याबरोबर माझ्या दोन पोळ्याही कधी गेल्या, ते मला कळलं नाही.

गिनतीवाल्यांनी कागद बघितला आणि मोठ्यानं म्हणाले, “चार.” मीही म्हटलं, “चार.” त्यांना वाटलं, आजी घरी राहणार. बऱ्याच घरांत राहतात.

दोन आठवड्यांत सगळं बसलं. मुलानं एका मीटिंगमध्ये बसल्या बसल्या फोनवर अंगठा टेकवून तिकिटं काढली. पैसे परत न मिळणारी, कारण ती स्वस्त.

मग आली प्रॅक्टिस.

ही त्यांची अट असायची. निघायच्या आधी एकदा भरल्या बॅगांसकट मेट्रोत चढून-उतरून दाखवायचं. तेव्हा शुक्रवार-शनिवार सुट्टी असायची. शनिवारी सकाळी आम्ही निघालो. बॅगांत कपड्यांऐवजी बकाल्याकडून आणलेले तांदळाचे थैले, वजन खरं वाटावं म्हणून. मुलगा वैतागलेला, सून हसू दाबतेय, नातवंडं खूश. मी पाण्याच्या बाटल्यांची पिशवी घेऊन मागे.

स्टेशनात शिरताना गार्डनं बॅगा बघून विचारलं, “एअरपोर्ट?”

“नो,” गिनतीवाले म्हणाले, “प्रॅक्टिस. स्वित्झर्लंड.”

तो बाजूला झाला. काय करणार बिचारा.

प्लॅटफॉर्मवर त्यांनी सगळ्यांना नंबर दिले. एक, सून: मोकळ्या हातानं आधी चढायचं आणि मुलांना वर घ्यायचं. दोन, नात. तीन, नातू. चार, मुलगा: बॅगा आत ढकलायच्या, शेवटी चढायचं आणि चढताना मागे वळून बघायचं. “शेवटच्या माणसाचं काम चढायचं नाही, मागं बघायचं,” ते म्हणाले. “चढतात सगळेच.” चढल्यावर प्रत्येकानं आपला नंबर ओरडायचा.

गाडी आली. दारं उघडली. “वन!” सून ओरडली आणि लाजली. “टू!” “थ्री!” नातू ओरडला आणि पुन्हा पुन्हा ओरडत राहिला. मुलानं बॅगा ढकलल्या, “फोर” म्हणाला, आणि शिकवल्याप्रमाणे मागे वळून बघितलं.

मी उभी होते. माझ्याकडे बघून त्यानं हात हलवला. टाटा केला. मीही पिशवी दुसऱ्या हातात घेऊन टाटा केला. दारं लागली. गाडी गेली.

किती छान जमलं होतं. मी कौतुकानं गिनतीवाल्यांकडे वळले. ते घड्याळात बघत होते. म्हणाले, “वीस सेकंद. तुमचा मुलगा तयार आहे.” मग सहज म्हणून म्हणाले, “ते गेले की तुम्ही एकट्याच का घरी पंधरा दिवस? की नाशिकला जाणार?”

“छे,” मी म्हटलं, “मी आहे ना त्यांच्याबरोबर. व्हिसा झालाय माझा.”

त्यांच्या हातातलं घड्याळ, ते मनगटावर बांधत नसत, पट्ट्यानं धरत, ते हळूच खाली आलं.

“व्हिसा कितींचा झाला, वैनी?”

“पाचांचा,” मी म्हटलं. आणि तो आकडा माझ्या तोंडातून बाहेर पडला तेव्हा मला कळलं.

समोर प्लॅटफॉर्मच्या कडेची काचेची दारं बंद होती आणि त्यांत आम्ही दोघं दिसत होतो. गिनतीवाल्यांचा चेहरा असा झाला होता की मला वाटलं त्यांना घेरी येतेय. मीच त्यांना बाकावर बसवलं आणि बाटली पुढे केली. मेट्रोत पाणी प्यायचं नसतं, दंड आहे, म्हणून तेही ते प्यायले नाहीत. नुसती धरून बसले.

पुढच्या स्टेशनवरून उलट गाडी पकडून आमची चौघं परत आली तेव्हा नात लांबूनच ओरडली, “आजी, यू मिस्ड द ट्रेन!”

घरी जाऊन मी सांगितलं की माझं तिकीटच नाही. मुलानं फोन काढला, बघितलं, पांढरा पडला. सुनेनं माझ्या हातचा कागद मागवून घेतला. माझं सुंदर अक्षर. एकूण चार. ती कितीतरी वेळ त्या रेघेकडे बघत होती. मग म्हणाली, “आई, मी इतकी वाईट वागते का तुमच्याशी? तोंडानं सांगायचं होतं ना, यायचं नाही म्हणून.”

मी तोंड उघडलं आणि मिटलं. विसरले, असं म्हणायचं होतं. पण त्रेसष्ट वर्षांची बाई स्वतःला विसरते, हे सांगायची मला लाज वाटली. त्यापेक्षा रागावलेली दिसणं बरं वाटलं. मी भुवया चढवल्या आणि आत जाऊन डाळ निवडायला बसले. असा अभिनय मी आयुष्यात पुन्हा केला नाही.

दुसऱ्या दिवशी बाकावर मात्र मी त्यांना खरं सांगितलं. फक्त त्यांनाच.

ते म्हणाले, “माझ्याकडून असं दुसऱ्यांदा झालं.”

वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. वाळवंटातल्या एका रस्त्याच्या साइटवरून दुपारी माणसं आणायची होती, जुलै महिना. बस सोडायच्या आधी त्यांनी माणसं मोजली. अठ्ठेचाळीस. गाडी सोडली. कॅम्पवर आल्यावर कळलं, दुसऱ्या गँगचा एक माणूस चुकून यांच्या बसमध्ये चढला होता, आणि यांचा एक तिथेच राहिला होता.

“गिनती बरोबर होती, वैनी. माणूस चुकला.”

“मग?”

“सहा वाजता सापडला. मोठा पाइप होता, त्याच्या सावलीत बसून राहिलेला. जिवंत. ड्रममधलं सिमेंटवर मारायचं पाणी प्यायला होता.” त्यांनी बकाल्याच्या दुकानाकडे बघितलं. आत कोण कोण आहे ते मोजत असावेत. “दुसऱ्या दिवशी सकाळी बसमध्ये चढला. आपल्या जागेवर बसला. मला काही बोलला नाही. शिवी द्यायला हवी होती त्यानं. दोन वर्षं रोज माझ्या बसमध्ये बसला, एक शिवी दिली नाही. तेव्हापासून मी आकडा मोठ्यानं म्हणतो. कोणीतरी म्हणावं, नाही, चूक आहे.”

“मीच म्हटलं ना तुम्हाला चार,” मी म्हणाले.

“तुम्ही समोर बसल्या होतात. मी कागद मोजला.”

मग मी विचारलं, की घरी खरं सांगू का. त्यांनी विचार केला. “नको. रागावले होते, असंच राहू दे. राग जातो. तुम्ही त्यांच्या घरात राहून स्वतःला विसरलात, हे कळलं तर त्यांना जन्मभर लागेल.”

एवढं बोलून ते माझ्या पाचव्या तिकिटाच्या मागे लागले.

बाकीच्या गाड्यांत जागा मिळाली, वेगळ्या डब्यात का होईना. स्वित्झर्लंडच्या आतल्या गाड्यांना तर जागा राखायचीच गरज नव्हती. अडलं एका ठिकाणी. पॅरिसहून झुरिकला जाणारी गाडी, जागा राखल्याशिवाय चढता येत नाही, आणि ती भरलेली. नातवाची जागा मला द्यावी तर ती त्याच्या नावावर, बदलत नाही. पाच-सहा दिवस ते रोज बसमधून उतरले की फोनवर बघायचे, कोणी तिकीट सोडलंय का. कोणी सोडलं नाही.

घरात बोलणी सुरू झाली. मुलगा म्हणाला सगळ्यांचीच तिकिटं सोडून देऊ, नवीन काढू, आणि युरोचे दिरहम आणि दिरहमचे रुपये करून गप्प बसला. सून म्हणाली, मी मागे राहते, आईंना न्या. मी म्हटलं, मला मेलीला कशाला युरोप, मी इथेच बरी. ते मी इतक्या गोड आवाजात म्हटलं की सून उठून आत गेली. खरं सांगायचं तर मला जायचं होतं. फार जायचं होतं. स्वित्झर्लंडसाठी नाही. आपल्याशिवाय ही माणसं निघून गेली आणि घरात काहीच कमी पडलं नाही, तर काय, ह्याची मला भीती वाटत होती.

सातव्या दिवशी गिनतीवाले स्वतः वर आले. आमच्या घरात ते पहिल्यांदाच येत होते. दारात चपला काढल्या, हॉलमध्ये बघितलं, “पाच,” म्हणाले. मग क्षणभर थांबून, “सहा.”

“त्याच दिवशी, दोन तास आधीची एक गाडी आहे,” ते म्हणाले. “तीत एक जागा आहे. वैनी पुढं जातील.”

“एकट्या?” मुलगा म्हणाला. “काका, तिला इंग्लिश जमतं, पण तिथे फ्रेंच, जर्मन...”

“गाडी झुरिकला संपते. पुढं जातच नाही. झोप लागली तरी उठवतील. पॅरिसला तुम्ही जागेवर बसवून द्यायचं. तिथं उतरल्यावर दोन तास थांबायचं, मोठं स्टेशन आहे, हॉलमध्ये मोठं घड्याळ आहे, त्याच्याखाली सगळे थांबतात.” आणि माझ्याकडे वळून म्हणाले, “बसून राहायचं नाही. बोर्डावर ह्यांच्या गाडीचा प्लॅटफॉर्म लागेल तो बघायचा. डबा बाराचा. तो कुठं थांबतो ते तिथल्या माणसाला विचारायचं. तिथं उभं राहायचं आणि उतरताना माणसं मोजायची. चेहरा बघून. या खेपेला मागं राहायचं नाही तुम्ही. पुढं जाऊन मोजायचं.”

नात म्हणाली, “कॅन आय गो विथ आजी?” ते म्हणाले, “नो. आजी इज ऑन ड्युटी.” हे एवढं एकच पूर्ण इंग्रजी वाक्य मी त्यांच्या तोंडून ऐकलं.

मी गेले. पॅरिसला मुलानं खिडकीशी बसवलं आणि उतरताना मागे वळून बघितलं. या वेळी टाटा केला नाही. नुसता उभा राहिला, गाडी हलेपर्यंत. चार तास शेजारी एक बाई विणत होती. ती माझ्याशी एकदाही बोलली नाही, मी तिच्याशी तीनदा बोलले, मराठीत. झुरिकला उतरले आणि घड्याळाखाली उभी राहिले.

ते दोन तास मी कोणाला नीट सांगू शकलेले नाही. इतकी माणसं, आणि एकालाही माझं तिथे असणं किंवा नसणं ठाऊक नाही. मी तिथून चालत बाहेर गेले असते तरी घड्याळ चालूच राहिलं असतं. चार माणसं एका गाडीत होती आणि एक माणूस मुहैस्नाहच्या रस्त्यावर बसच्या पायरीशी, तेवढ्या पाचांना माहीत होतं की मी कुठे आहे. एवढ्यावर माणूस उभा राहू शकतो, हे मला तिथे कळलं. पाय मात्र दुखले.

गाडी चौदा मिनिटं उशिरा आली. बारा नंबरचा डबा मी विचारून ठेवला होता तिथून पंधरा पावलं पुढे थांबला. मी धावले. त्रेसष्टाव्या वर्षी, साडी नेसून. सून उतरली. “टू!” नात ओरडली, तिला प्रॅक्टिस लक्षात होती. नातू झोपेत, मुलाच्या खांद्यावर. मुलगा शेवटचा, बॅगांसकट, मागे वळून डब्यात बघत. मी चेहरे बघून मोजले. एक, दोन, तीन, चार. मग इकडेतिकडे बघितलं आणि मोठ्यानं म्हटलं, “पाच.” एक पोलीस थांबून बघायला लागला.

गिनतीवाल्यांची फी एकच असायची. परत आल्यावर त्यांना सांगायचं, कुठली गाडी किती मिनिटं उशिरा आली, कुठल्या प्लॅटफॉर्मवर लागली, डबा कुठे थांबला. बर्फ कसा होता, हे त्यांनी कधी कोणाला विचारलं नाही. मी सगळं लिहून आणलं होतं. आलो त्या संध्याकाळी खाली गेले. बाकावर कोणी नव्हतं.

बकाला म्हणाला, “अंकल गया, माँजी. कंपनी का कॉन्ट्रॅक्ट खलास. दस दिन हो गया.”

मी कागद घेऊन तशीच बसून राहिले. त्यांना आधीपासून ठाऊक असणार. माझ्या एका जागेसाठी धावत होते तेव्हाही. एका शब्दानं बोलले नाहीत. त्या दिवशी लिफ्टमध्ये मी एकटीच होते. “एक,” मी म्हटलं. बरं नाही वाटलं. पुन्हा म्हटलं नाही.

त्यांचा गावचा नंबर मला बकाल्याकडून मिळाला, ते त्याच्याच दुकानातून घरी फोन लावायचे. तरी फोन करायला मला दोन महिने लागले. काय बोलायचं ते सुचत नव्हतं. शेवटी केला. त्यांच्या बायकोनं उचलला. मी म्हटलं, दुबईहून बोलतेय, घरी कोण कोण आहे? ती पटकन म्हणाली, “आम्ही दोघी, मी आणि मुलगी.” मग थांबली. “अगो बाई. हे पण आहेत. थांबा हां, बाहेर बसलेत.”

ते आले. मी नाव सांगायच्या आधीच म्हणाले, “किती मिनिटं?”

“चौदा,” मी म्हटलं. “प्लॅटफॉर्म पंधरा. डबा सांगितलं होतं त्याच्या पंधरा पावलं पुढे.”

ते लिहून घेत असावेत. मग मी विचारलं, घरी बरं वाटतंय ना आता, इतक्या वर्षांनी. मागे कोंबड्यांचा आवाज येत होता. आणि मग ते जे म्हणाले ते मी जसंच्या तसं लिहिते:

“बरं आहे, वैनी. बायको तांदूळ अजून दोघींचेच घेते. तिची चूक नाही, सत्तावीस वर्षांचा हात आहे तो. मी काही बोलत नाही. फक्त ती डब्यात हात घालते तेव्हा दारात उभा राहतो आणि मोठ्यानं म्हणतो, तीन.”